महिरपी कंस आणि माझ्या पोफळी

आज सकाळपासून मळभ आहे. पाऊस म्हणावा तर नाही, ऊन म्हणावं तर नाही. वारा साफ पडलाय, वाडीतलं एक झावळं हलत नाही. अंगाला घाम येतो आणि तिथंच थांबतो. खाली ओघळायचं त्याच्याही जिवावर आलंय. लाईट गेलीय. अशा दिवशी झोपाळ्यावर बसावं आणि जे आठवेल ते आठवू द्यावं, दुसरं काही होत नाही माणसाकडून.

किस्से काही कुणी मुद्दाम साठवत नाही. आमच्याकडे नारळ सोलला की त्याचं सोडण न्हाणीमागं टाकतात. रोज दोन-चार. बघायला कुणी जात नाही. मग एक दिवस सहज मागं जावं, तर ढीग न्हाणीच्या कौलाला टेकलेला! माझ्याकडचा हा ढीग तिघाजणांनी मिळून नऊ महिन्यांत लावला.

शाळेत मी गेलो नाही. अक्षरं शिकलो ती एसटीच्या पाट्या वाचून, त्यामुळे लिहायला वेळ लागतो. तुम्हीही सावकाश वाचा.

राहतो दिवेआगरला. समुद्राच्या कडेला नारळ-पोफळीची वाडी आणि घरापुढं पाहुण्यांसाठी दोन खोल्या. पोफळ म्हणजे सुपारीचं झाड. त्या मोठ्या वादळात माझ्या बापानं लावलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. त्याच जागी मी एकशे दहा रोपं लावली. लोक म्हणाले, "तात्या, सुपारी धरेपर्यंत तुम्ही असाल का?" मी म्हटलं, "मी नसलो तर सुपारी थांबणार आहे का?" पुढचं सगळं हसत सांगतोय खरं, पण माझा जीव त्या रोपांत होता.

* * *

रोपं गुडघ्याला लागली त्या वर्षी तिघंजण राहायला आले. निनाद पुण्याचा, दाढीवाला, तिघांचा म्होरक्या. मृणाल ठाण्याची, कमी बोलणारी, पण बोलली की समोरच्याला उत्तर शोधावं लागायचं. आणि इरफान आपला मुरुडचा. त्याच्या वडिलांचं तिथं छोटं लॉज आहे, पण "अब्बाच्या समोर बसून काम होत नाही" म्हणून त्यानं ही जागा शोधली.

"किती दिवस राहणार?" मी विचारलं.

"नऊ महिने," निनाद म्हणाला. "आम्ही एक नवी भाषा बनवतोय."

माझी बायको दारात तांदूळ निवडत होती. ती म्हणाली, "हितं भाषा कमी हायेत व्हय? कोळीवाड्यात एक, वाडीत एक, मुरुडात एक. पाव्हणे येतात ते हिंदी बोलतात. आता आनी एक कशाला?"

"ही माणसांसाठी नाही, काकी. कॉम्प्युटरला कामं सांगायची भाषा."

"बरं. आत्ताच्या भाषेत सांगितलेलं त्याला कळत न्हाय का?"

"कळतं की!"

"मग?"

मला वाटतं, हा प्रश्न त्यांना तोवर कुणी विचारलाच नव्हता!

* * *

पहिले तीन दिवस पडवीत नुसती बटणांची टकटक. चौथ्या दिवशी एकदम आरडाओरडा. मला वाटलं, साप निघाला. काठी घेऊन धावलो, म्हणजे माझ्या मानानं धावलो. बघतो तर निनाद आणि मृणाल समोरासमोर उभे, दोघांचे कान लाल, आणि मधे टेबलावर एक कागद. कागदावर दोन वळणदार रेघा, एकमेकींकडं तोंड करून.

मी म्हटलं, "ही तर गणपतीच्या मखराची महिरप. उभी करा की, आडवी का पडलीय?"

"नाव तेच आहे, तात्या," मृणाल म्हणाली. "महिरपी कंस."

"आणि साप कुठाय?"

"साप हा कंसच आहे!" निनाद म्हणाला.

मग मृणालनं मला बसवून समजावलं. समजा मशीनला सांगायचं, की पाहुणे आले तर चहा ठेव, पोहे कर, खोली झाड. ही तिन्ही कामं पाहुणे आले तरच करायची. म्हणून ती कंसात ठेवायची. आधी उघडणारा कंस, मग कामं, मग बंद करणारा कंस. कंसाबाहेर राहिलेलं काम मशीन पाहुणे येवोत न येवोत, करत सुटतं.

"निनाद म्हणतो, आत एकच काम असेल तर कंस नको," मृणाल म्हणाली. "मी म्हणते, एक असो की दहा, कंस पाहिजे. आज एक काम आहे. उद्या कुणीतरी घाईत त्याच्या खाली दुसरं लिहील आणि कंस घालायचा विसरेल. मग?"

"एवढं मूर्ख कोण असणार आहे?" निनाद म्हणाला.

मला राहवलं नाही. म्हटलं, "आम्ही पोफळीला आळं करतो. बुंध्याभोवती मातीची गोल कड. तिचं पाणी तिच्यापाशी राहावं म्हणून. झाड एकटं असलं तरी करतो."

"बघ!" मृणालनं टेबलावर हात आपटला.

निनाद दुखावला. "तात्या, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं आहात?"

"मी पाण्याच्या बाजूनं," मी म्हटलं आणि काठी घेऊन परत आलो.

* * *

निनादचं म्हणणं अगदीच टाकाऊ नव्हतं. तो म्हणायचा, "काकी, कंसाची दोन बटणं. एकदा नाही, दिवसातून शंभरदा. जगातले सगळे प्रोग्रामर धरा. माणसांचा किती वेळ वाचेल!"

हे तो झोपाळ्यावर आडवा पडून सांगत होता. सकाळच्या चहाला पडला होता, जेवणाची वेळ झाली तरी पाय खाली नव्हते. कंस काढावा की ठेवावा, याचा विचार चालला होता.

बायकोनं पान वाढलं, ताटाशेजारी तांब्या ठेवला आणि विचारलं, "बाबा, हा वाचलेला वेळ तुम्ही ठेवता कुठं?"

* * *

शेवटी मत घ्यायचं ठरलं. मतदार तीन. मृणालचं मत, कंस सगळीकडं. निनादचं मत, लागेल तिथं. राहिला इरफान. त्याचं तिसरंच! तो म्हणाला, "यार, कंसच कशाला? जे काम आतलं आहे ते जरा आत सरकवून लिहा. बघताक्षणी कळतं कोण कुणाच्या घरातलं."

एक, एक, एक.

चौथं मत आणायचं कुठून? तिघं स्वयंपाकघरात गेली. माझी बायको सोलकढीसाठी नारळाचा रस पिळत होती. निनादनं विचारलं, "काकी, एक सांगा. कुठलीही गोष्ट करताना नियम एकच असावा, की सोयीप्रमाणं?"

ती पिळता पिळता म्हणाली, "रोज येकसारखं करावं, म्हंजे हात चुकत न्हाय."

"माझं मत!" मृणाल ओरडली.

"पन गरज नसंल तर उगाच आनी काय घालीत बसू नये."

"माझं!" निनाद.

"आनी शेवटी काय, नजरेला दिसलं पायजे. बस."

इरफाननं तर शिट्टीच मारली.

"अरे, मी कढीचं सांगते!" ती म्हणाली. पण ऐकतंय कोण? संध्याकाळी पडवीत गेलो तर फळ्यावर निकाल लिहिलेला होता. दोन, दोन, दोन.

* * *

मग तडजोड झाली. तडजोड म्हणजे एक मोठा तक्ता. कुठं कंस सक्तीचा, कुठं ऐच्छिक, कुठं मनाई, असे तीन रंगांत नियम लिहिले आणि माझ्या पडवीच्या भिंतीला चिकटवले. दर आठवड्याला त्याला खालून एक कागद जोडला जायचा. दिवाळीपर्यंत तक्ता जमिनीला लागला.

एका एकादशीला शेजारच्या द्वारकावहिनी विरजण मागायला आल्या. नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली, वाडी एकटीनं करतात. जीभ विळीसारखी. पण विळीवाचून घर चालतं का? तर त्या तक्त्यापुढं उभ्या राहिल्या.

"हे काय, भावोजी? सोवळ्याचे नियम?"

निनादनं कौतुकानं समजावलं. "फंक्शन लिहिताना कंस सक्तीचा. 'जर' लिहिताना तुमच्या मनावर. 'जेव्हा' लिहिताना मनाई."

"का?"

"तसं ठरलं."

"म्हंजे आमचा उपासच की!" वहिनी म्हणाल्या. "साबुदाणा चालतो, बटाटा चालतो, वरी चालते. तांदूळ न्हाय चालत. वरी दिसते तांदळासारखी, शिजते तांदळासारखी, पन ती चालते. का, ते विचारायचं न्हाय."

इरफानची मान ताठ झाली. "आमच्या रोज्यात असं नाही, मावशी. सूर्य आहे तोवर तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. एकच रूल."

"असं ग्रामर पाहिजे!" मृणाल म्हणाली.

बायको आतून विरजण घेऊन आली. ती म्हणाली, "व्हय, पन बटाटा चालतो म्हणून तर निम्मा गाव एकादशी करतो. सगळंच बंद केलं तर उपास ऱ्हाईल, करणारं मानूस न्हाय ऱ्हाणार."

निनाद उठून तिच्या पायाच पडला. चांगला वाकून. त्याच्या बाजूनं एवढं सरळ तोवर कुणी बोललं नव्हतं.

द्वारकावहिनींनी वाटी घेतली, पदराखाली झाकली आणि उंबऱ्यात थांबून पुन्हा एकदा तक्ता वरपासून खालपर्यंत बघितला.

"छान हाय," त्या म्हणाल्या. "पन ज्या घरात नियम भिंतीवर लावायला लागतात ना, त्या घरात ते कुनालाच पाठ नसतात."

दुसऱ्या दिवशी मृणालनं तिघांचीही परीक्षा घेतली. तिच्यासकट तिघंही नापास!

* * *

एकदा दोन दिवस मशीन अडून बसलं. निनाद जेवेना. विचारलं तर म्हणाला, "तात्या, ते म्हणतं शेवटच्या ओळीत चूक आहे. आणि शेवटची ओळ कोरी आहे! कोऱ्या ओळीत काय चुकणार माणूस?"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मृणालला चूक सापडली. अगदी वरती, सुरुवातीला एक कंस उघडला होता आणि बंद करायचा राहिला होता. मशीन बिचारं बंद होणाऱ्या कंसाची वाट बघत बघत शेवटपर्यंत गेलं आणि तिथं जाऊन रडलं.

मी म्हटलं, "ह्यात नवल काय? लग्नात तेच होतं. अपमान साखरपुड्यात होतो आणि भांडण निघतं पंगतीत. पंगतीत भाजीचा खारटपणा कितीही शोधा, भांडणाचं कारण तिथं सापडत नाही."

इरफानला हे इतकं आवडलं, की त्यानं मशीनच्या तोंडी तेच वाक्य घातलं. कंस उघडा राहिला की पडद्यावर इंग्रजीत यायचं, "भांडण इथं दिसतंय, पण साखरपुड्यात बघा."

त्यांची भाषा तेव्हा बाहेरची चार-पाच माणसं चाखून बघत होती. आठ दिवसांनी बंगळुरूच्या एका मुलाचं पत्र आलं. अगदी नम्रपणे लिहिलं होतं: "सगळी फाइल वाचली. साखरपुडा कितव्या ओळीत असतो?"

* * *

थंडीत भाषेची पहिली आवृत्ती निघायची होती. निनाद देव मानत नाही. तरी आदल्या दिवशी म्हणाला, "तात्या, पालीचा गणपती किती लांब आहे?" आम्ही दोघं आणि ती तिघं, असे पाचजण गाडीनं गेलो. गाडी इरफाननं चालवली. आम्ही दर्शनाला गेलो तेव्हा तो बाहेर सगळ्यांच्या चपला सांभाळत बसला.

येताना गाडीत तो म्हणाला, "तात्या, एक विचारू? दीड तास बघत होतो. आत जाताना जो तो घंटा वाजवतो. बाहेर येताना कुणीच वाजवत नाही."

मृणाल सीटवर सरळ झाली. "अरे खरंच! उघडणारा कंस आहे, बंद करणारा नाहीच!"

"म्हणजे देवाला चालतं," निनाद म्हणाला. "मग मीच काय वाईट सांगतोय?"

"देवाला काय, काहीही चालतं. मशीनला चालत नाही."

"मग मशीन मोठं की देव?"

"तू तर देव मानत नाहीस!"

"आज मानतोय!"

असं बराच वेळ चाललं. माझी बायको खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. डोळे न उघडता ती म्हणाली, "देवाकडं उघडलेलं बंद करायचं नसतं रे, बाळांनो."

माणगावला चहा पिताना निनादनं हळूच विचारलं, "काकी, हे तक्त्यात टाकू?"

* * *

आता एकच किस्सा सांगतो. हा सांगायला घेतला की माझी बायको पदर तोंडाला लावून आत जाते.

उन्हाळ्यात मुंबईचे एक साहेब येणार होते. भाषेत पैसे घालायचे की नाही, हे बघायला. त्यांनी कळवलं होतं, "पडद्यावरचं दाखवू नका, खरोखरचं काहीतरी चालवून दाखवा." निनादला माझा पंप आठवला.

आधीच त्या तिघांनी हौसेनं एक सोय करून दिली होती. रोपांच्या मातीत वायर लावलेली एक काडी खोचली होती. माती सुकली की माझ्या मोबाइलवर निरोप यायचा, "तात्या, रोपं तहानलीत." मग मी जाऊन पंप चालू करायचो. महिनाभर काही तक्रार नव्हती. मला उलट बरं वाटायचं. एकशे दहा लेकरं आपल्याला हाक मारतायत असं. प्रोग्राममध्ये एवढंच लिहिलेलं होतं, की माती सुकी असेल तर निरोप पाठव. काम एकच. म्हणून निनादच्या नियमानं कंस नव्हता.

साहेब यायच्या सकाळी निनाद म्हणाला, "नुसता निरोप काय दाखवायचा? पंप आपोआप चालू झाला पाहिजे!"

मृणाल साहेबांना रस्ता दाखवायला नाक्यावर गेली होती. इरफाननं निरोपाच्या खाली एक ओळ लिहिली, "पंप चालू कर." सुरेख लिहिली. वरच्या ओळीच्या बरोबर खाली, तेवढीच आत सरकवून. त्याच्या डोळ्यांना ती त्याच घरातली दिसत होती. पण कंस नव्हता, आणि मशीन कुठं डोळ्यांनी बघतं? त्यानं निरोपाची ओळ तेवढी घरातली धरली. पंपाची ओळ रस्त्यावरची. म्हणजे माती सुकी असेल तर निरोप पाठव; आणि पंप? तो चालू कर. सुकी असो, ओली असो, तळं होवो, चालू कर.

मी झोपाळ्यावर निवांत. मोबाइल मांडीवर. निरोप नाही, म्हणजे माती ओली आहे, म्हणजे सगळं ठीक. पंप वाडीच्या टोकाला विहिरीवर, आणि माझे कान आता पूर्वीचे राहिले नाहीत.

साहेब आले. पांढरे शुभ्र बूट. सुरमई झाली, सोलकढी झाली, वर नारळाची वडी झाली. साहेबांनी हात पुसत विचारलं, "तुमच्या भाषेचं वैशिष्ट्य काय, एका शब्दात सांगा."

"भरवसा," निनाद म्हणाला. "सर, एकदा सांगितलं की विसरून जायचं."

आणि आम्ही सगळे खरंच विसरलो होतो!

तेवढ्यात शेजारून द्वारकावहिनींची हाक आली. "भावोजी! तुमच्याकडं भरती आलीय काय? आज तर अष्टमी, समुद्र हाय तिकडं लांब!"

वाडीत गेलो. रोपांचा तुकडा खोलगट आहे, त्याचं तळं झालं होतं. आळी कुठं दिसत नव्हती. एकशे दहा रोपांचे नुसते शेंडे पाण्यावर, आणि वरून वैशाखातलं ऊन. पोफळीला पाणी लागतं हे खरं, पण तापलेलं पाणी मुळाशी उभं राहिलं की कोवळं रोप शिजतं. मला संध्याकाळपर्यंतचाही अवकाश नव्हता.

निनाद लॅपटॉप घेऊन तसाच पाण्यात शिरला. गुडघाभर पाण्यात उभं राहून त्यानं ती ओळ शोधली. "इरफान! कंस नाही घातलास!"

"एका कामाला कंस लागत नाही, हा नियम कुणाचा?"

"एका कामाला! तू दुसरं घातलंस ना!"

"आत सरकवून लिहिलं होतं! हे बघ, दिसतंय की नाही? खुदा की कसम, आंधळ्यालाही दिसेल!"

"मी पहिल्या दिवसापासून सांगतेय," मृणाल म्हणाली. तीही पाण्यात उतरली होती. "पहिल्या दिवसापासून!"

पंप चालूच होता. मी कडेकडेनं विहिरीपर्यंत गेलो आणि लाल बटण दाबलं. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

साहेब बांधावर उभे होते, बूट हातात घेऊन. म्हणाले, "इम्प्रेसिव्ह! थांबतच नाही!"

पंप थांबला, पण पाणी जाणार कुठं? एका बाजूला घराचं जोतं, दोन बाजूंना उंच बांध. उतार तेवढा द्वारकावहिनींच्या वाडीकडं, आणि मधे त्यांचा गडगा, दगडांवर दगड रचून मातीनं बुजवलेली भिंत. वादळात तो माझ्याच नारळाखाली कोसळला होता. वहिनींनी तो एकटीनं, धोंडा धोंडा उचलून पुन्हा रचला होता. मी मदतीला गेलो तर म्हणाल्या होत्या, "राहू द्या, भावोजी. ह्यापुढं ह्याचा एक धोंडा हलला तर तुमची माझी बोलाचाली बंद." आणि त्या दिवशी गडग्याला लागूनच त्यांच्या चटया अंथरलेल्या. वर्षाची आमसुलं वाळत घातली होती. विकायची होती ती.

पहार आणली. गडग्याजवळ गेलो. ती जमिनीवर टेकवली.

"वहिनी," मी हाक मारली. "गडगा फोडावा लागंल. पाणी तुमच्यात येईल. न्हाय म्हणालात तर मी न्हाय फोडणार."

त्या एका धोंड्यावर चढल्या आणि डोकावल्या. आधी माझ्या रोपांचे शेंडे बघितले. मग मागं वळून आपल्या चटया बघितल्या. मग त्या तिघांकडं बघितलं. मृणाल कडेच्या चिखलात काठीनं मोठा कंस काढून दाखवत होती, निनाद तो पायानं पुसत होता, आणि इरफान लॅपटॉप डोक्यावर धरून दोघांना म्हणत होता, "पण दिसत होतं की नाही, ते सांगा ना!"

वहिनी खाली उतरल्या. पदर खोचला. एकेक चटई उचलून ओट्यावर नेऊन ठेवली. मी पहार धरून उभा. शेवटची चटई ठेवून त्या परत धोंड्यावर चढल्या आणि म्हणाल्या,

"फोडा, भावोजी. पानी सगळं येऊ द्या माझ्याकडं. ती तिघं तेवढी तुमच्याकडंच ठेवा!"